लागलं तर सांगा

आमच्या शहरात ट्राम येणार हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शहर काही फार मोठं नव्हे. मधून नदी वाहते, नदीकाठी बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला इतके पार्किंग लॉट की इथे पूर्वी माणसं राहत होती की नुसत्या गाड्या, असा प्रश्न पडावा. त्या गिरण्यांमध्ये आता महागडे फ्लॅट झाले होते. खाली कॉफीची दुकानं, वर उंच छताची घरं, आणि त्यांच्या दारावरून चकचकीत ट्राम जाणार होती. नदीच्या कडेनं एक चक्कर मारून ती निघाली तिथेच परत येणार होती. कुणाला कुठे पोचवण्यासाठी ती नव्हतीच म्हणा. नवी सून चार घरी दाखवून आणावी, तेवढंच तिचं काम. तरी मला ती आवडली. नकाशावर तिची रेघ जांभळी होती.

या जांभळ्या रेघेसाठी आमच्या बसवर गदा येणार आहे, हे मात्र मला उशिरा कळलं.

मी गाडी चालवत नाही. येत नाही असं नव्हे; लायसन्स आहे, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते. माझं घोडं पेंड खायचं ते डावीकडे वळताना. इथे अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांमधली फट बघून आपली गाडी घुसवायची. मला ती फट कधी माझी वाटलीच नाही. समोरच्याला जाऊ द्यावं, मग त्याच्या मागच्याला, तोवर सिग्नल लाल. मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि शेजारी बसलेला नवरा कपाळाला हात लावून म्हणायचा, "अगं, पंगतीला वाढायला उभी आहेस का? घुस की!" मी कधी घुसले नाही. तो होता तोवर गरजही नव्हती, तोच चालवायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि थोड्याच दिवसांत मी गाडी विकून टाकली.

मग बस. आमच्या वसाहतीच्या टोकाला ती वळायची आणि तिथून मला थेट कम्युनिटी कॉलेजच्या दारात नेऊन सोडायची. तिथल्या बायॉलॉजीच्या लॅबमध्ये मी मदतनीस आहे. नागपुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, इथे आल्यावर डिपेंडंट व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसून पोळ्या लाटल्या, आणि ग्रीनकार्ड आल्यावर ही नोकरी मिळाली. कांद्याच्या मुळांची टोकं कापून स्लाइड्स करायच्या, सूक्ष्मदर्शकं पुसायची, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. पगार बेताचा, पण त्यात घर चालतं आणि दिवसाकाठी चार माणसं दिसतात. बस गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की हे घर ठेवणं मला झेपणार नाही. यात समजायला अवघड काही नव्हतं.

बसमध्ये गर्दी अशी कधी नसायची. थोडं पुढे, भाड्याच्या जुन्या इमारतींपाशी, एक अमेरिकन बाई चढायची. शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झालेली, माझ्याहून थोडी मोठी, हातात वॉकर. आवाज असा खणखणीत, की ती ड्रायव्हरशी बोलायला लागली की मागे बसलेल्याला आपल्यालाच रागावतेय असं वाटावं. माझं नाव तिला कधी उच्चारता आलं नाही, म्हणून मी "हनी". माझ्या शेजारी धपकन बसून ती गुडघ्याचं दुखणं, नातवाचे प्रताप आणि अंड्यांचे भाव ऐकवायची. मी फक्त हं हं करायची. कधी कधी ती आली नाही तर तो दिवस माझा फार वाईट जायचा, कारण या शहरात माझ्याशी रोज बोलणारी ती एकटीच होती.

तसा आमच्याकडे मराठी लोकांना तोटा नाही. नदीपलीकडच्या नव्या वसाहतींत पुष्कळ तरुण मंडळी राहतात; पुण्याची, मुंबईची, आमच्या नागपूरची, बहुतेक आयटीतली. गणपतीला आणि संक्रांतीला भेटतात, वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "काकू, राइड लागली तर सांगा हं. बिनधास्त टेक्स्ट करा." मनापासून म्हणतात, यात शंका नाही. पण 'लागलं तर सांगा' म्हणजे काय? गरज आपली, कळवायचं आपणच, आणि मिंधेपणाही आपल्याच वाट्याला. नागपुरात असं कुणी विचारत नसे. "चला, बसा" म्हणत आणि हातातली पिशवी ओढून घेत. आपण नको म्हणायचं आणि त्यांनी ऐकायचं नाही, असा तो मामला होता. तेव्हा मला त्या ओढाताणीचा वैताग यायचा. पुढे कधी त्याच वैतागाची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. मी आजवर एकाही मुलाला टेक्स्ट केलेलं नाही.

माझा मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असतो, बायकोबरोबर. दर रविवारी न चुकता फोन करतो. बसचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "आई, सिंपल आहे, उबर कर ना. मी पे करतो." मी म्हटलं, "बघू." मग तो हवेबद्दल बोलला आणि मी भाजीबद्दल.

त्याचे वडील गेले तेव्हा तो आला होता. दिवसपाणी आटोपून परत निघाला, मी विमानतळावर सोडायला गेले. दारातच म्हणाला, "आई, तू आमच्याकडे ये राहायला. ओके?" मी म्हणाले, "नको रे. तुमचं एवढंसं अपार्टमेंट, त्यात माझी अडगळ कशाला?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "ओके, आई. पण विचार बदलला तर लेट मी नो." आणि आत गेला. मी काचेपलीकडे तो दिसेनासा होईपर्यंत उभी होते, आणि त्यानंतरही थोडा वेळ. तो परत येऊन पुन्हा विचारेल असं मला वाटत होतं. मला खरंच जायचं होतं का, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण आणखी एकदा विचारलं जायला हवं होतं. इथे जन्मलेलं पोर ते, 'नको' म्हणजे 'नको' हे त्याला शाळेत शिकवलेलं. आईच्या शब्दाचा मान ठेवला त्यानं, तक्रार कुणाकडे करणार?

असो. बसचा निर्णय घेण्याआधी शहरानं लोकांना बोलावलं. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये सभा होती. भिंतीशी मोठमोठे नकाशे उभे केलेले, आणि प्रत्येक नकाशाशेजारी एक हसरा तरुण. आमच्या बसच्या नकाशाजवळ गेले. आमच्या बाजूला बस न राहता फोनवरून बोलवायची छोटी व्हॅन येणार, असं त्या तरुणानं समजावून सांगितलं. इतकं छान समजावलं की मला त्याचं कौतुक वाटलं. शेवटी त्यानं विचारलं, "यानं तुमची सोय होईल ना?"

"होईल, होईल," मी म्हणाले. "तुम्ही लोक एवढं करताय."

त्याच्याकडे चिकटवायच्या टिकल्या होत्या. योजना आवडली तर हिरवी, नाही तर लाल. त्यानं माझ्या हातावर हिरवी ठेवली. हातावर ठेवलेलं परत कसं करायचं? मी ती नकाशावर लावली, आमच्या घराच्या अगदी जवळ.

मग भाषणं. प्रत्येकाला माईकवर दोन मिनिटं. मी पोळ्या लाटताना चार वाक्यं पाठ केली होती: मी एकटी आहे, गाडी चालवत नाही, या बसनं नोकरीला जाते, बस काढू नका. नाव पुकारलं, उभी राहिले, आणि ती चारही वाक्यं कुठे गेली देव जाणे. आधी मी आभार मानले. मग आमच्या बसची ड्रायव्हर बाई किती चांगली आहे ते सांगितलं. मग ट्रामचं कौतुक केलं. मग म्हणाले की आमचा स्टॉप ठेवता आला तर बरं होईल, पण अगदीच जमत नसेल तर हरकत नाही, आम्ही काहीतरी करू. आणि थांबले.

थांबले, कारण पुढचं त्यांनी विचारायचं होतं. अडचण आपण अर्धी सांगावी आणि उरलेली समोरच्यानं ओढून काढावी, अशा घरात मी वाढले. "नाही हो बाई, हरकत नाही कशी? काय अडचण आहे ती मोकळेपणी सांगा," असं समोर टेबलामागे बसलेल्या शहराच्या पाच-सहा अधिकाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, म्हणून मी माईक धरून उभी. मधला गृहस्थ प्रसन्न हसला. इतक्या समजूतदारपणे बोलल्याबद्दल त्यानं माझे आभार मानले. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

माझ्यानंतर ती वॉकरवाली उठली. माईकपर्यंत पोचायलाच तिला वेळ लागला. "मला माझी बस हवी," ती म्हणाली. "व्हॅन नको. ट्राम तुम्हालाच लखलाभ. मला माझी बस हवी." एवढंच. आणि तिची दोन मिनिटं संपेपर्यंत ती एक शब्द न बोलता तिथेच उभी राहिली, त्यांच्याकडे बघत. हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर चुळबुळ करायला लागले. मला तिचीच लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू.

परत जाताना बसमध्ये तिनं मला फैलावर घेतलं. "हनी, ते काय होतं? तू तर त्यांना चालेल म्हणून सांगून आलीस!"

मी तिला समजवायला गेले की तसं म्हणायचं असतं. "का?" तिनं विचारलं. माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. तेही तिला सांगून पाहिलं, पण इंग्रजीत त्यात काही राम उरला नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली.

निर्णय लागला तेव्हा बस राहिली, पण तिच्या इमारतींपर्यंतच. पुढचा, आमच्या वसाहतीपर्यंतचा तुकडा तेवढा कापला. तिच्या उभं राहण्यामुळे तसं झालं की आणखी कशामुळे, ते मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी ड्रायव्हरनं मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी स्टॉपचा खांब उपटून नेला, आणि तिथे नुसतं एक भोक राहिलं.

मग व्हॅनचा संसार सुरू झाला. फोनवर बोट दाबायचं, मग एक ठिपका येताना दिसायचा. कधी तो ठिपका वाटेतच दुसरीकडे वळायचा, कधी रस्त्यात उभा राहायचा, कधी अंतर्धान पावायचा. आलीच व्हॅन तर तिच्यात मी एकटी. दर वेळी नवा ड्रायव्हर, कानात इअरफोन. गुड मॉर्निंग म्हटलं तर मागे न बघता अंगठा वर करायचा. कुणी भाडं देत नाही, कुणी चढत नाही, कुणी गुडघ्याबद्दल बोलत नाही. मागच्या सीटवर पट्टा लावून मी पार्सलासारखी कॉलेजात पोचायची, आणि बरेचदा उशिरा. संध्याकाळी घरी आले की लक्षात यायचं, आज आपण दिवसभरात फारसं बोललोच नाही. मग मी उगीच मोठ्यानं बोलत स्वयंपाक करायची.

लॅबचा मुख्य सज्जन माणूस. एकदा म्हणाला, "वेळ बदलून हवी असेल तर मला सांग." मी म्हणाले, "नाही नाही, जमेल मला." दुसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा त्यानं विचारलं नाही. पुढे एकदा सकाळच्या वर्गातली मुलं स्लाइड्सशिवाय ताटकळत बसली. तेव्हा तो अगदी हळू आवाजात म्हणाला की असंच चालू राहिलं तर पुढच्या सत्रासाठी त्याला दुसरं माणूस बघावं लागेल. त्याला ते सांगताना वाईट वाटत होतं, म्हणून मीच त्याची समजूत घातली.

त्यानंतर मी व्हॅनवर विसंबायचं सोडलं आणि बसच्या नव्या शेवटच्या स्टॉपपर्यंत चालत जायला लागले. अंतर फार नाही, पण त्या रस्त्याला फुटपाथच नाही. इथे कुणी पायी जाईल हे रस्ता बांधणाऱ्याच्या ध्यानीमनीही आलं नसावं. उन्हाळ्यात कडेच्या गवतातून जाता यायचं. थंडीत मात्र बर्फ काढणारा ट्रक रस्त्यावरचा सगळा बर्फ नेमका त्या कडेलाच लोटतो.

एका सकाळी मी तशीच निघाले होते. बर्फाचे ढीग गुडघ्यापर्यंत, त्यामुळे रस्त्यातूनच चालत होते, आणि मोठे ट्रक अंगावर चिखल उडवत जात होते. मागून एक गाडी आली आणि शेजारी थांबली. काच खाली झाली. इथल्या मराठी मंडळातला एक मुलगा, पुण्याचा, गणपतीत आरतीला झांजा वाजवतो तो.

"काकू! तुम्ही इथे? चला ना, कुठे ड्रॉप करू?"

देवच पावला होता. दार उघडून बसायचं, एवढंच करायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको रे, तुला उशीर होईल. मला चालायला बरं वाटतं."

"शुअर ना, काकू?"

"अरे हो, जा तू."

"ओके काकू. लागलं तर सांगा हं!" काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

मी तिथे उभी राहून त्याचे लाल दिवे बघत होते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्याचाही आला, जगाचाही आला. स्टॉपपाशी पोचले तोवर बस निघून गेली होती. बूट आतून भिजले होते. कॉलेजात फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि आल्या वाटेनं घरी परतले. दार लावून घेतलं, कोटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसले आणि मुलाला फोन केला. आठवड्याच्या मधेच मी कधी फोन करत नाही, त्यामुळे त्यानं लगेच उचलला.

"आई? काय झालं? आर यू ओके?"

मी सगळं सांगितलं. बस, व्हॅन, लॅब, बर्फ. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "आई, पण तू सांगायला हवं होतंस ना."

मी भडकले. "सांगायला हवं होतं, सांगायला हवं होतं! सगळ्या जगाला मीच सांगत फिरू? तुम्ही कुणी विचारायचं नाही?"

"मी विचारलं होतं, आई. एअरपोर्टवर. यू सेड नो."

"एकदाच विचारलंस!"

मग तो म्हणाला, "किती वेळा विचारायचं असतं?"

थट्टा नव्हती त्यात. त्याला खरंच माहीत नव्हतं. पाढे, श्लोक, जेवताना डावं-उजवं, सगळं मी त्याला शिकवलं होतं. हेही शिकवावं लागतं, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

"तीनदा तरी," मी म्हणाले.

"ओके." तो खुर्चीतून उठून कुठेतरी गेला असावा, मागचे आवाज बंद झाले. "आई, इकडे येतेस राहायला?"

"नको रे." निघूनच गेलं तोंडातून.

"आई, येतेस इकडे?"

"तुमचं घर केवढंसं. आणि तुझ्या बायकोला काय वाटेल?"

"तीच म्हणतेय कधीपासून. आई, येतेस?"

तीन झाले होते. आता तो ओके म्हणेल आणि फोन ठेवेल, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला अतोनात भीती वाटली. त्यानं ठेवला नाही.

"ये ना गं, आई," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी आता ऐकणार नाही. मी तिकीट काढतो, शनिवारी येतो तुला न्यायला. तू ओरड माझ्यावर, आय डोंट केअर."

मी हो म्हणाले. पण रडत होते, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. "काय? आई, काय म्हणालीस?" तो घाबरून विचारत राहिला, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. पहिलं हो आपसूक निघालं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना ज्या खोलीत नवरा गेला ती खोली समोर होती, आणि तो गेल्यावर या शहरात एकटीनं जमवलेलं सगळं. ते सोडायचं आहे हे कळून मी म्हणाले, "हो. येते."